भूमेश्वरीच्या कागदावरच्या हिरव्या टिकल्या

(तिरोड्याजवळचं गाव. दिवाळीला आठ दिवस आहेत. सकाळची वेळ, ओसरीत बाजेवर कागद पसरलेले.)

अल्का: मासोळीची गोष्ट मागून सांग, आजी. पहिले हे सांग, ही हिरवी टिकली कोणाची?

सुमनबाई: हिरवी ना? हिरव्या टिकल्या तं अर्ध्या तिरोड्याच्या बाया लावतेत.

अल्का: आपल्या गावात एकच लावते. आतापण तिच्या कपाळावर आहे.

सुमनबाई: मंग पाहूनच राहिली तं इचारून कायले राहिली?

अल्का: कारण हा कागद तुझा नाही. हा भूमेश्वरी वहिनीचा आहे. पंधरा बायांना पंधरा कागद दिले होते मी. एका कागदावर बेचाळीस चौकोन, बेचाळीस दिवसांचे. कंबरेचा व्यायाम केला की त्या दिवसाच्या चौकोनात ज्याची त्याने आपली टिकली चिकटवायची. तूच सुचवलं होतं ना, की बायांना पेन धरता येत नाही, टिकली चिकटवता येते?

सुमनबाई: बेसच सुचवलं होतं. तुही नागपूरची मॅडम खूश झाली म्हने.

अल्का: झाली. थिसिसमध्ये त्या कागदाचा फोटो टाक म्हणाली. म्हणून तर काढून बसली मी सगळे. पाहा, पहिले अकरा दिवस वहिनीची मोठी लाल टिकली. बाराव्या दिवशी हिरवी. मग बेचाळीसपर्यंत हिरवीच हिरवी. एकतीस टिकल्या, आजी.

सुमनबाई: तिची लाल सरली असंन.

अल्का: चमेली काकूच्या कागदावरपण नऊ हिरव्या आहेत.

सुमनबाई: तिची पन सरली असंन. बायका टिकल्या गंज वाया घालवतेत. आरशाले लावतेत, कपाटाले लावतेत.

अल्का: आजी.

सुमनबाई: तू मले मासोळीचं पुरं सांगू देत नाई, मंग तुले समजनार कसं? बोदलकस्याच्या तलावावर मी धुनं धुवाले गेली. टिकल्यांचं पाकीट पोलक्यात. वाकली तं पाकीट गेलं पान्यात. आली एक मासोळी, डोंग्याएवढी, आन गेली गिळून. तिसऱ्या दिवशी ढिवरांच्या जाळ्यात थेच मासोळी. कपाळभर हिरव्या टिकल्या. ढीवर हात जोडून उभे, म्हनत का ही कोनाची तरी सून आहे. आता थे मासोळी कोनं इकत घेतली?

अल्का: भूमेश्वरी वहिनीच्या नवऱ्याने.

सुमनबाई: अव्व, तुले कोनं सांगतलं?

अल्का: सोमवारी थिसिस जमा करायचा आहे मला. आज गुरुवार. दिवाळीनंतर परीक्षा, परीक्षेत बाहेरचे मास्तर येतील आणि एकेक कागद उलटा करून पाहतील. मला हसू नाही येऊन राहिलं.

सुमनबाई: मंग जमा कर ना. पंधराही कागद भरले आहेत. एक चौकोन रिकामा सापडला तं मले सांग.

अल्का: भरले कोणी?

सुमनबाई: भरनाऱ्यानं भरले.

अल्का: आजी, तू नुसत्या टिकल्या चिकटवून दिल्या?

सुमनबाई: हे पाह्य अल्का. काही म्हन, पन खोटी हजेरी म्हनू नको. पंचवीस वर्सं झाले धानाच्या रोवणीची टोळी चालवून राहिली मी, खोटी हजेरी कोनाची लावली नाई. पहिले काम केलं, मंग टिकली लावली.

अल्का: कोणतं काम?

सुमनबाई: तिचं. तिच्या वाट्याचं. चित पडून ढुंगन उचलाचं थे, पुलाचं, दहा. मांजरीवानी पाठ वाकवाचं, दहा. पोटावर पडून सापावानी मान काढाची, दहा. सकारी माहे करो, मंग पदर खोचून तिचे. सांजेले पुन्हा. तुहा आजोबा म्हने, बुढी पागल झाली, दिवसभर अंगनात पुलंच बांधते.

अल्का: थांब. भूमेश्वरी वहिनीचा व्यायाम तू केला?

सुमनबाई: मंग कोन करंन? रोवणीत एकीले ताप आला, एकीचे दिवस भरत आले, तं तिची पात रिकामी ठेवतो का आपन? बाकीच्या वाटून घेतेत. धानाची बांधी पुरी रोवाची, हजेरी पुरी लागते. कोन्या मालकानं आजवर इचारलं नाई का ही ओळ कोनाच्या हातची.

अल्का: ती बांधी आहे. ही कंबर आहे. तिच्या वाट्याचं तू केलं तर तिची कंबर कशी बरी होईल?

सुमनबाई: हे तू पहिल्या दिवशी सांगतलं नाई.

अल्का: हे सांगावं लागते का?

सुमनबाई: पहिल्या दिवशी तू काय सांगतलं, थे मले पाठ आहे. विहारासमोर सप्पा बायाले बसवलं आन म्हनली, बायांनो, पंधराही कागदांचे सगळे चौकोन भरले पाहिजेत, एकीचं चुकलं तं माह्या अभ्यासाचा निकाल बिघडते. मी मनात म्हनलं, टोळी माही, नात माही. माह्या टोळीपायी तुहं शिक्शन बिघडू देनार नाई.

अल्का: असं म्हणाली मी?

सुमनबाई: चमेलीले इचार. रुसून बसली होती ती, म्हने नातीसाठी बुढी आमाले उठाबशा कराले लावते.

अल्का: मी ते वेगळ्या अर्थाने...

सुमनबाई: साडेचार वर्सं तुहं पहिलं झालं, आन आता हे दोन वर्साचं. लोक मले इचारतेत, नात सात वर्सं मालिश शिकून राहिली का. मी म्हनते, मालिश नोहे बा, फिजिओ आहे. तिच्या दवाखान्यात मानूस खाटेवर जाते आन नाचत बाहेर येते. एक तं असा नाचत आला का थेट इटियाडोहाच्या धरनापाशी थांबवला त्याले.

अल्का: म्हणून लोक मला पाहिलं की हसतात.

सुमनबाई: हसतेत, पन मुलगी पाठवाचं म्हनतेत फिजिओले.

अल्का: आजी, मॅडमला सगळ्यात जास्त कोणाचा कागद आवडला माहीत आहे? भूमेश्वरी वहिनीचा. सुरुवातीला दुखणं दहापैकी आठ. बेचाळीसाव्या दिवशी दोन. कोणाचंच इतकं कमी झालं नाही. मॅडम म्हणाली, या बाईचा फोटो आण, परीक्षेत पहिले हीच केस सांग. म्हणून मी काल निरोप दिला तिला. येईलच ती आता.

सुमनबाई: आज येनार आहे? माह्या घरी?

अल्का: काऊन? काय झालं?

सुमनबाई: काही नाई. च्या ठेवते.

अल्का: बस. उठू नको. व्यायाम केला नाही तरी आठाचे दोन कसे झाले?

सुमनबाई: देवाची... नाई, आपन देव मानत नाई. आपोआप झाले असंन.

अल्का: दारात कोणी आहे पाहा.

भूमेश्वरी: मीच आहे जी. येऊ का मावशी?

सुमनबाई: ये वो भूमेश्वरी. बस.

भूमेश्वरी: फोटो काढाचा म्हने अल्काबाईले, म्हनून हे नवीन पातळ नेसली. जमते ना जी?

अल्का: छान आहे. वहिनी, चप्पल हातात काऊन धरली?

भूमेश्वरी: असीच.

अल्का: अंगणात गोटे आहेत, काटे आहेत. एक पायात, एक हातात?

भूमेश्वरी: डाव्या पायात राहत नाई जी. चालता चालता सुटून जाते. सुटली तरी समजत नाई. परवा धुऱ्यावर सुटली, घरी येऊन हातपाय धुवाले बसली तवा पाहिलं का एकाच पायात आहे.

अल्का: कधीपासून?

भूमेश्वरी: पोळ्यापासून म्हना ना. मावशीले माहीत आहे.

अल्का: तुला माहीत आहे?

सुमनबाई: मले वाटलं चप्पलच ढिली आहे. नवीन घे म्हनलं तिले.

अल्का: वहिनी, इथे बाजेवर बसा. पाय लांब करा दोन्ही. आता उजव्या पायाचा अंगठा तोंडाकडे ओढा. मी बोटाने दाबते, तुम्ही दाबू देऊ नका. हां. चांगला आहे. आता डावा.

भूमेश्वरी: हव.

अल्का: उचला.

भूमेश्वरी: उचललाच आहे जी.

अल्का: पायाकडे पाहा.

भूमेश्वरी: नाई उचलला का?

अल्का: डोळे मिटा. मी कुठे हात लावते सांगा. इथे?

भूमेश्वरी: पोटरीले.

अल्का: आता?

भूमेश्वरी: लावा ना जी.

अल्का: आणि आता?

भूमेश्वरी: लावून राहिल्या का? मले नाई समजलं.

अल्का: डोळे उघडा. लघवी लागली की समजते ना? अडकत नाही? बसायच्या जागेवर बधिर वाटते का?

भूमेश्वरी: थे सप्पा बेस आहे जी. पायच काय तो.

अल्का: पहिल्या दिवशी तुमचे दोन्ही पाय सारखे होते. मी तपासले होते, इथे लिहिलं आहे. हे केव्हा सुरू झालं, नीट आठवून सांगा.

भूमेश्वरी: दहा-अकरा दिवस केला बराबर. मंग एक दिवस पूल कराले गेली तं कंबरेतून करंट आला, थेट पावलापर्यंत. दुसऱ्या दिवशी पन आला. तुम्ही सांगून ठेवलं होतं ना, करंट आला तं थांबाचं आन मले कळवाचं.

अल्का: हो. सगळ्यांना सांगितलं होतं. मग कळवलं काऊन नाही?

भूमेश्वरी: कळवलं जी. मावशीले. तुमचा फोन मावशीकडेच येते ना दर रविवारी.

अल्का: आजी?

सुमनबाई: मी तिले आराम कर म्हनलं. काम बंद कर म्हनलं. यात वाईट काय सांगतलं? तुहं मी करते, तू पडून राह्य म्हनलं.

भूमेश्वरी: मावशीनं चांगलंच केलं जी. एक दिवस नाई चुकवला. मी निंदनाले जाओ, तं मावशी अंगनात माहा व्यायाम करून राहे. मले लाज वाटे.

अल्का: दर रविवारी मी तुला फोनवर विचारत होती. सगळ्या बऱ्या आहेत का, कोणाला त्रास आहे का. तू काय सांगत होती?

सुमनबाई: सप्पा घोड्यावानी आहेत म्हनून.

अल्का: आणि शेवटच्या दिवशी? वहिनी, मी पाय तपासले नाही, नुसतं विचारलं, दुखणं दहापैकी किती. तुम्ही दोन म्हणाल्या. खरं किती होतं?

भूमेश्वरी: मावशी, सांगू का?

अल्का: आजीकडे नका पाहू.

सुमनबाई: माह्याकडे कायले पाहते? सांग तिले. मी सांगतलं होतं दोन म्हन म्हनून.

अल्का: तू?

सुमनबाई: सगऱ्या चार-पाच म्हनून राहिल्या होत्या. मले वाटलं, माह्या नातीच्या पुस्तकात एक तरी दोन असावा. आन हिचा पूल मी येवढा मन लावून केला होता... मले वाटलं, दोन तं झालाच असंन.

भूमेश्वरी: आठच होता जी. मंग नऊ झाला. पन तुमचा पेपर बिघडला असता.

अल्का: माझा पेपर.

भूमेश्वरी: रागवू नका मावशीवर. तुम्ही स्वता आल्या असत्या तं मी तुमालेच दाखवलं असतं. दर रविवारी मी पाय धुऊन बसो. मावशी म्हने, या रविवारी येते अल्का. मंग म्हने, पुढच्या येते.

सुमनबाई: रागव ना माह्यावर, अल्का.

अल्का: तुझ्यावर कसं रागवू?

सुमनबाई: तोंडानं रागव. मी तोंड धरलं का तुहं?

अल्का: आजी, या थिसिसच्या पान चाळीसवर एक तक्ता आहे. दर आठवड्याला मी गावात येऊन प्रत्येकीचे पाय, कंबर तपासली म्हणून लिहिलं आहे. तारखा आहेत. सहा भेटी.

सुमनबाई: सहा? तू तं दोन खेपा आली. पहिल्या दिवशी आन मोजमापाच्या दिवशी.

अल्का: हो.

सुमनबाई: मंग चार खेपा कोन आलं होतं?

अल्का: कोणी नाही. लिहिल्या मी. होस्टेलमध्ये बसून.

सुमनबाई: आन मले वाटे, घरात गोष्टी मीच सांगते.

अल्का: वार्डात ड्यूटी लागायची रविवारी. ज्युनिअर पोरींना शिकवायचं, आपले सेमिनार, लकव्याचे पेशंट. अडीच तास यायचे, अडीच जायचे. पहिल्या रविवारी नाही जमलं, तर तुला फोन केला. तू म्हणाली सगळ्या घोड्यासारख्या. मला बरं वाटलं. खरं सांगू? मला माहीत होतं तू फेकते. लहानपणापासून माहीत आहे. पण सोयीची होती तुझी गोष्ट.

भूमेश्वरी: जाऊ द्या ना जी. माहा कागदच काढून टाका. चौदा कागद दाखवा मॅडमले. मी कोनाले नाई सांगनार, शपथ.

सुमनबाई: हे बराबर बोलली. पंधरावी बाई सोडून गेली म्हन. लग्न होऊन गेली म्हन.

भूमेश्वरी: माहं लग्न होऊन बारा वर्सं झाले, मावशी.

सुमनबाई: मंग मायरी गेली म्हन. अल्का, चौदा चालतेत का?

अल्का: चालतात.

सुमनबाई: मंग काय तं. काढ.

अल्का: चौदा चालतात. एखादी बाई मधूनच सोडते, तसं लिहिता येते. कोणी विचारणारपण नाही. सोमवारी जमा होईल, परीक्षा होईल, फेब्रुवारीत गोंदियाच्या दवाखान्यात लागेन. जागा ठेवली आहे त्यांनी माझ्यासाठी.

सुमनबाई: तुहा बाप सगळ्या गावात सांगून आला आहे.

अल्का: माहीत आहे. आणि मग पुस्तकात काय राहील? हा व्यायाम रोवणीच्या बायांना द्या, कोणालाच काही झालं नाही. भंडाऱ्याची नाहीतर चंद्रपूरची एखादी पोरगी ते वाचेल, आपल्या गावच्या बायांना शिकवेल. तिथे एखादी चप्पल हातात घेऊन बसली असेल रविवारी.

भूमेश्वरी: माह्यावानी.

अल्का: जिचं बिघडलं तिलाच काढून टाकायचं, आणि म्हणायचं कोणाचंच बिघडलं नाही.

सुमनबाई: व्यायामानं बिघडलं का तिचं?

अल्का: ते मला नाही माहीत. मणक्याची गादी सरकली असेल, नस दाबली असेल. आधीपासून असेल, निंदणाने वाढलं असेल. तिसऱ्या आठवड्यात पाहिलं असतं तर सांगता आलं असतं. आता डॉक्टर सांगतील. वहिनी, आज बाराच्या गाडीने गोंदियाला जायचं. मी येते सोबत.

भूमेश्वरी: आज? दिवाळी झाल्यावर नाई जमनार का जी? धान कापाले आलं.

अल्का: नाही जमणार. दोन महिने आधीच गेले आहेत. आज.

भूमेश्वरी: पाय बेस होते ना मंग?

सुमनबाई: होते वो, नाचत येशील तू...

अल्का: आजी.

सुमनबाई: नाई बोलत.

अल्का: वहिनी, खात्रीने नाही सांगू शकत मी. लवकर गेलं तर होण्याची आशा जास्त. ऑपरेशन सांगतील का औषध, तेपण तेच सांगतील. वाकून काम बंद आजपासून. पुढचं पाऊल पडेल तेव्हा मी असेन तुमच्याजवळ. फोनवर नाही. जवळ.

भूमेश्वरी: हव जी. नवऱ्याले सांगून येते मंग. हे पातळ बदलू का?

अल्का: राहू द्या. चांगलं दिसते. चप्पल नका घालू, आजीचे बूट घालून जा, मागून पट्टा आहे त्याला.

सुमनबाई: घे. लाल आहेत, नाक मुरडू नको. भूमेश्वरी...

भूमेश्वरी: काय मावशी?

सुमनबाई: काही नाई. सावकाश जा.

अल्का: गेली?

सुमनबाई: गेली. पाय फेकत गेली. मी दोन महिने पाहून राहिली तिले चालताना, मले दिसलंच नाई. नाई, खोटं बोलली. दिसलं. दिसलं तवा दुसरीकडं पाहो.

अल्का: मीपण.

सुमनबाई: तू तं इथं नव्हती.

अल्का: तेच. जरा फोन लाव... नको, मीच लावते.

सुमनबाई: कोनाले?

अल्का: मॅडमला.

सुमनबाई: आता? च्या घेऊन लाव.

अल्का: चहा घेतला तर लावणार नाही मी. ... हॅलो मॅडम, अल्का बोलते. नाही मॅडम, फोटो नाही पाठवत. ... कागद सापडले. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली माझी आहे. चाळीस नंबरच्या पानावर सहा भेटी लिहिल्या आहेत. मी दोनच केल्या. ... हो, मीच लिहिल्या. ... नाही, कोणी सांगितलं नव्हतं. ... दुसरी त्या आठाच्या दोनवाल्या पेशंटची. डावा पाय, अंगठा उचलत नाही. पावलावर स्पर्श समजत नाही. ... हो, लघवीचं विचारलं, ठीक आहे. ... आज नेते गोंदियाला. ... हो मॅडम. ... हो. ... हो, सोमवारी येते, रिकाम्या हाताने. ... हो.

सुमनबाई: काय म्हनली?

अल्का: पहिले पायाचं विचारलं. मग भेटींचं.

सुमनबाई: रागावली?

अल्का: रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, अल्का, पेशंटच्या घरी न जाता पेशंट बरा झाल्याचं लिहायला मी शिकवलं का तुला?

सुमनबाई: तिले सांगाचं होतं का आजीनं शिकवलं.

अल्का: तू नाही शिकवलं.

सुमनबाई: मंग आता?

अल्का: सहा महिने तरी लांबणार. सगळं नव्याने. कमिटीसमोर उभं राहावं लागेल, सांगावं लागेल. त्यांनी नाही ऐकलं तर वर्ष.

सुमनबाई: गोंदियाची जागा?

अल्का: ती काही वर्षभर थांबत नाही.

सुमनबाई: मी येते सोमवारी तुह्यासोबत. कमिटीले सांगते, चूक माही. टोळी माही होती.

अल्का: तू तिथे मासोळी सांगशील.

सुमनबाई: नाई सांगत. इमानानं.

अल्का: येऊ नको. माझं मलाच सांगू दे.

सुमनबाई: दर रविवारी विहारात पंचशील घेते मी. खोटं नाई बोलनार, हे चौथं येते. त्या वक्ताले मी जरा घाईनं म्हनून पुढं जाते. भंतेजीले वाटते बुढीचा दम पुरत नाई. मले वाटे, माह्या गोष्टीनं कोनाचं काय जाते? लोक हसतेत, काम हलकं होते. रोवणीत दुपारपर्यंत कंबर तुटते, तवा मी वाघाची सांगते, थो धुऱ्यावर बसून आमच्या ओळी मोजे म्हनून. बाया हसतेत आन बांधी सरते. हिच्या पायाले पन मी तसीच गोष्ट सांगितली. चप्पल ढिली आहे म्हनून.

अल्का: चहा घेऊ. मीच ठेवते. तू बस.

सुमनबाई: तू बस. जेवून निघ. गोंदियात उशीर होते दवाखान्यात.

अल्का: आजी, उठताना भिंत काऊन धरली?

सुमनबाई: सवय आहे.

अल्का: काल रात्री मी आली तेव्हापण तू धरली होती. सकाळी बाजेवरून उठताना पहिले कुशीवर झाली, मग हाताने रेटलं. मी पाहिलं.

सुमनबाई: पाहिलं तं इचारलं काऊन नाई?

अल्का: सोमवार होता डोक्यात.

सुमनबाई: मले काही नाई झालं. लोखंडाची कंबर आहे माही. सांगतलं ना तुले, एका सालची रोवणी, मी जे वाकली ते तीन दिवस वाकूनच. उठली तवा पाठीवर बगळ्यानं घरटं केलं, दोन अंडे होते त्यात. पिल्लं निघेपर्यंत उभी नाई झाली मी.

अल्का: तुझ्या कागदावर पहिल्या दिवशी एक लिहिलं आहे. शेवटच्या दिवशी शून्य.

सुमनबाई: मंग, लोखंड ते लोखंड.

अल्का: तुझे पूल, तिचे पूल, चमेली काकूचे नऊ दिवस. सहासष्ट वर्षांची बाई दिवसाला सव्वाशे वेळा कंबर वाकवत होती, आणि मी फोनवर तिलाच विचारत होती, बाकीच्या कशा आहेत.

सुमनबाई: तू माहं कायले इचारशील? मी टोळीत मुख्य होती.

अल्का: आता विचारते. हा नवा कागद आहे. पहिलं नाव तुझं लिहिलं, सुमनबाई. गोष्ट नको सांगू, फक्त आकडा सांग. काहीच दुखत नाही ते शून्य, सोसवतच नाही ते दहा. आज, आता, किती?

सुमनबाई: एकदा लिहिलं तं मंग खोडता येते का?

अल्का: नाही येत.

सुमनबाई: मंग सात लिही.